साइट ब्लॉक झाली? आधी कुलूप कोणाचं ते बघा

गणपतीला आठवडा राहिला असताना ओळखीच्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला. "दादा, सरकारनं आपली साइट ब्लॉक केली!" देणगीची पावती ऑनलाइन मिळावी म्हणून पत्रकांवर क्यूआर कोड छापून घरोघरी वाटूनही झाले होते, आणि साइट उघडत नव्हती. बघितलं तर सरकारचा काडीचा संबंध नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मुलानं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं, त्यानं कॉलेजच्या दिवसांतला जुना ईमेल दिला होता. "हा ईमेल तुमचाच आहे ना, इथे क्लिक करा" असं पत्र त्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं, पंधरा दिवसांची मुदत टळली आणि डोमेन निलंबित झालं. एका क्लिकचं काम होतं.

हा किस्सा आधी सांगितला, कारण नव्या साइट-मालकांचा पहिला प्रश्न नेहमी असाच असतो: साइट ब्लॉक होऊ नये म्हणून मी काही करू शकतो का? उत्तर कुलूप कोणी लावलं यावर ठरतं. डोमेनवाला, होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते तो), गूगल, एखाद्या ऑफिसचा फायरवॉल (नको त्या साइटी अडवणारी चाळणी), इंटरनेट पुरवठादार, न्यायालय, केंद्र सरकार या सगळ्यांकडे आपापली कुलपं आहेत. काही कुलपांची किल्ली तुमच्याच खिशात असते. काहींची मागावी लागते. आणि एक-दोन कुलपं अशी आहेत की ती लागू नयेत याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

पायरी पहिली : बंद आहे की ब्लॉक आहे?

मोबाइलचं वायफाय बंद करून साइट सिमच्या डेटावर उघडा. मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर. मग दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी सांगा, आणि दुबईत किंवा न्यू जर्सीत कोणी नातेवाईक असेल तर त्यालाही. कुठेच उघडत नसेल तर साइट ब्लॉक नाही, पडलेली आहे. डोमेनवाल्याला आणि होस्टिंगवाल्याला फोन लावा. सगळीकडे उघडते आणि फक्त तुमच्या ऑफिसात उघडत नाही, तर चौथ्या पायरीवर जा. एका कंपनीच्या नेटवर उघडते, दुसरीच्या नाही, आणि परदेशात बिनधास्त उघडते, तर इंटरनेट पुरवठादाराच्या पातळीवर ब्लॉक असण्याची शक्यता खरी. मात्र नुकतंच होस्टिंग बदललं असेल तर दोन दिवस थांबा, जुना पत्ता काही ठिकाणी तेवढा वेळ रेंगाळतो.

स्क्रीनवर काय दिसतं तेही नीट वाचा. दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार ही साइट बंद केली आहे असा मजकूर आला तर प्रश्नच मिटला. पण बऱ्याचदा तो येत नाही. नुसतं "कनेक्शन रिसेट झालं" किंवा "साइट सापडत नाही" एवढंच दिसतं. कारण प्रत्येक कंपनीची अडवायची पद्धत वेगळी. कोणी डीएनएसमध्ये खोटा पत्ता देतं, म्हणजे नावावरून नंबर शोधायच्या वहीतच खाडाखोड करतं. कोणी जोडणी होताना साइटचं नाव वाचून ती मध्येच तोडतं. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांची नेटवर्क्स तपासली, तेव्हा पद्धती वेगवेगळ्या निघाल्याच, शिवाय ब्लॉक केलेल्या साइटींच्या याद्याही एकमेकींशी जुळल्या नाहीत. त्यामुळे "माझ्याकडे तर उघडते" या एका वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पुरावा हवा असेल तर ऊनी प्रोब नावाचं मोफत ॲप आहे. त्यात साइटचा पत्ता टाकला की या नेटवर्कवर ती अडवली जाते का, आणि कुठल्या टप्प्यावर, ते तपासून नोंद ठेवतं. ही नोंद सार्वजनिक होते, हे माहीत असू द्या.

पायरी दुसरी : कागदपत्रं स्वतःच्या नावावर

कंटाळवाणा भाग आहे, पण इथेच सगळ्यात जास्त साइटी मरतात. डोमेन तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर हवं. डेव्हलपरच्या नाही, पुतण्याच्या नाही. त्यावरचा ईमेल रोज उघडला जाणारा हवा, आणि तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन गेलं की ईमेलही जातो आणि मग सुटकेचं पत्र यायलाच जागा उरत नाही. आपोआप नूतनीकरण सुरू ठेवा, ट्रान्सफर लॉक लावा, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येणार नाही. शेवटी डॉट इन असलेलं नाव घेतलं असेल तर त्याची नोंदवही निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते. ओळखीची कागदपत्रं मागितली तर वेळेत द्या.

होस्टिंगवाला साइट बंद करतो त्याची कारणं बहुधा तीन: पैसे थकले, साइटवरून स्पॅम मेल जातोय, किंवा कोणाची तरी तक्रार आली आणि तुम्ही उत्तर दिलं नाही. तिसरं कारण लक्षात ठेवा, पुढे कोर्टाच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पायरी तिसरी : लाल पान

साइट उघडली की ब्राउझरभर लाल रंग, आणि पुढची साइट धोकादायक असल्याचा इशारा. हे गूगलच्या सेफ ब्राउझिंग या सेवेचं काम. क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघेही तिच्या यादीवर विसंबतात, म्हणून एका ठिकाणी नाव लागलं की जवळजवळ सगळीकडे लागतं. वाचकाच्या दृष्टीनं हा सरकारी ब्लॉकपेक्षा वाईट. सरकारनं बंद केलेली साइट बघायची काही जणांना उलट उत्सुकताच वाटते. लाल पान बघून लोक पळतात.

कारण जवळजवळ नेहमी एकच: साइटमध्ये कोणीतरी घुसलंय. आणि घुसायचं दार आपणच उघडं ठेवलेलं असतं. आपल्याकडे त्या दाराचं नाव "फुकटातली प्रीमियम थीम". हजारो रुपयांची वर्डप्रेस थीम टेलिग्रामवर फुकट मिळाली, टाकली. ती फुकट वाटणाऱ्यानं आत आपला कोड पेरून ठेवलेला असतो. पुढे कधीतरी गूगलवर आपल्याच साइटचं नाव शोधावं तर जपानी अक्षरांतली शेकडो पानं दिसतात, किंवा पतसंस्थेच्या साइटवर ऑनलाइन जुगाराच्या लिंका. मुखपृष्ठ ठणठणीत असतं, म्हणून मालकाला पत्ताच नसतो.

करायचं काय: गूगल सर्च कन्सोल या मोफत सेवेत साइट आजच नोंदवा, लाल पान येण्याआधी. घुसखोरी आढळली की तिथून ईमेल येतो. त्यातल्या सुरक्षेच्या भागात संशयित पानांचे नमुनेही दिसतात. वर्डप्रेस, थीम, प्लगिन अद्ययावत ठेवा. वापरात नसलेले प्लगिन नुसते बंद करू नका, काढून टाका. "टेस्ट", "न्यू", "बॅकअप२" अशा नावांचे जे फोल्डर डेव्हलपर मागे ठेवून जातात, तेही उडवा. जास्त पैसे देतो म्हणणाऱ्या पॉप-अप जाहिरातींच्या नादी लागू नका, त्यांच्यामुळेही साइट यादीत जाते.

घाण शिरलीच असेल तर दिसेल ती फाइल पुसून भागत नाही. स्वच्छ बॅकअपवरून साइट परत उभी करा, सगळे पासवर्ड बदला, प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव आहे का बघा, आणि मगच सर्च कन्सोलमधून फेरतपासणीची विनंती करा. काय सापडलं, काय काढलं, ते चार ओळींत साधेपणानं लिहा. साफसफाई अर्धवट ठेवून विनंती केली तर ती फेटाळली जाते आणि पुढच्या वेळी जास्त ताटकळावं लागतं.

पायरी चौथी : ऑफिस आणि कॉलेजची चाळणी

कंपन्या, बँका, महाविद्यालयं फायरवॉल वापरतात. हे फायरवॉल जगातल्या साइटींना प्रकार चिकटवतात: बातम्या, खरेदी, जुगार, वगैरे. तुमच्या साइटला चुकीचं लेबल लागलं किंवा कुठलंच लागलं नाही, तर ती अडते. नवं डोमेन तर पहिला महिनाभर अनेक ठिकाणी केवळ नवं आहे म्हणून अडतं, कारण भामटे रोज नवी डोमेनं घेऊन दोन दिवसांत टाकून देतात. म्हणून साइट दिवाळीत सुरू करायची असेल तर डोमेन श्रावणात घ्या, त्यावर दोन-चार खरी पानं ठेवा आणि त्याला थोडं जुनं होऊ द्या. फोर्टिनेट, सिस्को, पालो आल्टो यांसारख्या कंपन्यांच्या साइटवर आपलं लेबल तपासता येतं आणि चुकलं असेल तर बदलण्याची विनंतीही करता येते. फुकट काम आहे. आमच्याकडच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाची साइट कुठल्याशा यादीत अमली पदार्थांच्या प्रकारात गेली होती. विनंती केल्यावर लेबल बदललं. का गेली होती, ते आजतागायत कळलं नाही.

पायरी पाचवी : शेजारी बघून घर घ्या

इथे जरा थांबू, कारण निरपराध साइट बळी जाते ती बहुधा इथे.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना मोजक्या पानांची एक यादी धाडली. त्यांतली काही पानं ब्लॉगस्पॉटवर होती. कंपन्यांनी तेवढीच पानं अडवण्याऐवजी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. पाककृती लिहिणाऱ्यापासून कविता लिहिणाऱ्यापर्यंत सगळे एका रात्रीत गायब, आणि स्फोटानंतर नातेवाइकांची माहिती मिळावी म्हणून लोक जे ब्लॉग चालवत होते तेही. डिसेंबर २०१४ मध्ये तेच: इस्लामिक स्टेटच्या प्रचाराचं कारण देत ३२ पत्ते बंद केले गेले आणि त्यांत गिटहब, व्हिमिओ, आर्काइव्ह यांच्यासोबत वीबली हेही होतं. वीबली म्हणजे छोट्या दुकानदारांनी फुकट साइट बनवायची जागा.

एका पानासाठी अख्खी साइट का जाते? पूर्वी साइटी एचटीटीपीवर होत्या, तेव्हा पुरवठादाराला पूर्ण पत्ता दिसायचा. एकच पान अडवणं निदान शक्य तरी होतं. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएसवर आहे. पुरवठादाराला बंद पाकिटावरचं फक्त इमारतीचं नाव दिसतं, खोली क्रमांक आत असतो. मग एका खोलीसाठी आदेश आला की एकतर पूर्ण इमारतीला कुलूप, नाहीतर काहीच नाही. हे कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

एक, स्वतःचं डोमेन घ्या. ब्लॉगरवरच लिहायचं असलं तरी त्याला आपलं डोमेन जोडता येतं. भारतात अडवणूक बहुतेक वेळा नावावरून होते. त्यामुळे नाव वेगळं असेल तर शेजाऱ्याच्या पापाचा धनी व्हायची वेळ सहसा येत नाही. वर्षाला येणारा खर्च मला तरी यासाठी रास्त वाटतो.

दोन, लोकांना काही टाकता येत असेल, म्हणजे जाहिराती, फाइली, चर्चा, तर तो भाग मुख्य साइटपासून वेगळ्या डोमेनवर ठेवा. एखाद्या पाहुण्यानं आणलेल्या भानगडीत तुमचं दुकान बंद व्हायला नको.

तीन, स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या नंबरावर, शेकडो साइटी असतात. आपल्या आयपीवर कोण कोण आहे हे दाखवणाऱ्या मोफत सेवा आहेत, एकदा डोकवा. सगळा बेटिंग आणि पायरेटेड सिनेमांचा बाजार दिसला तर होस्ट बदला. अर्थात मोठ्या सेवेमागे गेल्यानं सुटका होतेच असं नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशाचा आधार घेऊन २०२५ पासून फुटबॉल सामन्यांच्या वेळी क्लाउडफ्लेअर या साइटींना सेवा पुरवणाऱ्या बड्या कंपनीचे आयपी पत्ते अडवले जाऊ लागले, आणि चोरून सामने दाखवणाऱ्यांबरोबर त्याच पत्त्यांवरच्या असंख्य साध्या साइटीही शनिवार-रविवार बंद पडू लागल्या. तिथल्या दुकानदाराचा दोष काय, तर शेजार.

ईसीएच नावाचं एक नवं तंत्र साइटचं नावही पाकिटाच्या आत लपवतं. होस्ट देत असेल तर सुरू करा, पण त्यावर विसंबू नका. रशियानं नोव्हेंबर २०२४ पासून या तंत्राची जोडणीच तोडायला सुरुवात केली.

पायरी सहावी : सरकार आणि न्यायालय

केंद्र सरकारला साइट बंद करायचा मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ मधून मिळतो. कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. "कोणाला तरी राग आला" हे कारण त्यात नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे समिती बसते आणि मजकुराच्या मालकाला किंवा मध्यस्थाला (मजकूर ठेवणाऱ्या सेवेला) किमान ४८ तासांची नोटीस देऊन बाजू मांडायची संधी द्यायची असते. तातडीच्या प्रसंगी आधी बंद, मग ४८ तासांत समितीपुढे, असाही मार्ग आहे. आणि नियम १६ नुसार तक्रार व कारवाई गोपनीय ठेवायची. सगळी मेख या गोपनीयतेत आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात ऑनलाइन "आक्षेपार्ह" मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, हे बहुतेकांना आठवतं. त्या प्रकरणाचं मूळ आपल्या पालघरात, २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना झालेल्या अटकेत आहे. पण त्याच निकालात कलम ६९अ कायम राहिलं, हे फार कमी लोक सांगतात. कायम ठेवताना न्यायालयानं संरक्षणाच्या अटी मात्र अधोरेखित केल्या: कारणं लेखी हवीत, म्हणजे त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येईल, आणि मजकूर टाकणारा सापडत असेल तर त्याचंही ऐकून घ्यायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? पत्रकार तनुल ठाकूर यांनी हुंडापद्धतीवर उपहास म्हणून "डाउरी कॅल्क्युलेटर" नावाची साइट केली होती. मुलाचं शिक्षण, नोकरी, रंग भरा आणि हुंड्याचा आकडा बघा, अशी. २०१८ मध्ये ती भारतात बंद झाली. ती आपली आहे हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं, तरी बाजू मांडायला कोणी बोलावलं नाही आणि आदेशाची प्रतही मिळेना. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, आदेशाची प्रत द्या आणि सुनावणीही घ्या. मधे चार वर्षं गेली.

तेव्हा सरकारी ब्लॉक मालक टाळू शकतो का, याचं सरळ उत्तर: नाही. पण आपण सापडतच नाही असं म्हणायला वाव ठेवू नये. साइटवर संपर्काचं पान, त्यावर खरं नाव किंवा संस्था, पत्ता, चालू ईमेल. दुसरे लोक मजकूर टाकत असतील तर माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. छोट्या साइटवर तो अधिकारी तुम्हीच. आणि उपहास लिहीत असाल तर तो उपहास आहे हे पानावर स्पष्ट लिहा. विनोद समजावून सांगावा लागणं यासारखं दुःख नाही, पण अधिकारी घाईत वाचतात.

न्यायालयाचा रस्ता वेगळा. त्यातून येणारे बहुतेक आदेश सिनेमे, क्रिकेटचं प्रक्षेपण आणि ट्रेडमार्क यांच्याबद्दल असतात. इथे मालकाच्या हातात बरंच काही आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्ही या सिनेमा कंपनीच्या दाव्यात "उपद्रवी साइट" कशी ओळखायची याच्या खुणा सांगितल्या. मालकाची ओळख लपवलेली आहे का, तक्रारीची नोटीस गेल्यावर तो गप्प बसला का, मुख्य हेतूच चोरीचा माल देणं आहे का, आदेश चुकवायच्या युक्त्या साइटवरच शिकवल्या आहेत का, अशा. त्याच निकालानं नव्या नावानं उगवणाऱ्या प्रतिकृतींवरही आदेश लागू करायची सोय केली. म्हणून "ब्लॉक झाली तर दुसरं डोमेन घे" हा जो सल्ला सर्रास मिळतो, तो प्रामाणिक माणसानं ऐकू नये. पळणाऱ्याच्या खुणा तुम्ही स्वतःच अंगावर काढून घेता.

उलट वागा. प्रताधिकाराची लेखी तक्रार आली तर त्याच दिवशी पोच द्या. प्रताधिकार नियम, २०१३ मध्ये मजकूर साठवणाऱ्या किंवा दुवा देणाऱ्या मध्यस्थासाठी ३६ तासांत तो उतरवायची मुदत आहे, आणि तक्रारदारानं २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर परत लावायची मोकळीकही. मराठी साइटींवर धोका कुठे असतो म्हणाल तर जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ, भावगीतांच्या एमपी३ आणि नाटकांच्या चित्रफिती. "आम्ही संस्कृती जपतोय" हा बचाव कोर्टात उभा राहत नाही.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं एक उदाहरण मात्र जवळ ठेवावं असं आहे. २०१६ साली एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांनी चोरीच्या प्रती रोखण्यासाठी साइटीच्या साइटी बंद करायचा आदेश मागितला. न्या. गौतम पटेल यांनी सरसकट आदेश नाकारला. आधी एकेक दुवा तपासा, यादी शपथेवर द्या. पूर्ण साइट बंद करायची तर तिच्यावर बेकायदा सोडून दुसरं काहीच नाही हे दाखवा, अशी त्यांची भूमिका होती. बंद केलेल्या पानावर दाव्याची माहिती आणि बाधित माणसानं कुठे दाद मागायची तेही लिहायला लावलं. तुमच्या वकिलाला हे प्रकरण माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

एक सावधगिरी. "तुमच्या साइटविरुद्ध तक्रार आहे, २४ तासांत ब्लॉक होईल, शुल्क भरा" असे ईमेल भरपूर येतात. प्रताधिकाराच्या खोट्या नोटिसाही येतात, त्यांतल्या "पुरावा बघा" या दुव्यामागे व्हायरस असतो. कलम ६९अ मध्ये शुल्क भरून सुटायची सोय नाही. दलालांना तर नाहीच नाही.

पायरी सातवी : ब्लॉक झालीच तर

पहिल्या तासात पुरावा जमवा. प्रत्येक कंपनीच्या नेटवर काय दिसलं त्याचे स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, गाव, कंपनीचं नाव. ऊनीच्या नोंदी. मग ज्या कंपनीच्या नेटवर अडतं तिच्या ग्राहक तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. फोनवरची मुलगी "सर, तुमचा राउटर बंद करून चालू करा" म्हणेल. करा. मग कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला ईमेल करा आणि एकच प्रश्न विचारा: ही साइट कोणाच्या, कुठल्या तारखेच्या आदेशानं बंद आहे? कधी कधी उत्तर येतं, कधी फक्त "सक्षम प्राधिकरणाच्या सूचनेनुसार". तेही जपून ठेवा. न्यायालयाचा आदेश असेल तर दावा क्रमांक मिळवा, वादीच्या वकिलाला लिहा, आणि त्याच दाव्यात मनाई उठवण्याचा अर्ज करा. चुकून यादीत गेलेली साइट वादीच्या एका पत्रानं सुटू शकते, कारण चुकीच्या साइटवर वेळ घालवण्यात त्यालाही रस नसतो.

आदेश सरकारी वाटत असेल तर माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, एक दूरसंचार विभागाला आणि एक इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर होतं, शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस. गोपनीयतेचं कारण सांगून माहिती नाकारली जाण्याची तयारी ठेवा. पण नकारही लेखी असतो, आणि पुढे तोच कामाला येतो.

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर असेल. तो बनवणाऱ्या फ्रान्सच्या व्हिडिओलॅन संस्थेची साइट २०२२ मध्ये भारतात महिनोन्‌महिने अडवलेली होती. ना नोटीस, ना कारण. ऑक्टोबरमध्ये त्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीनं दूरसंचार विभाग आणि मंत्रालयाला कायदेशीर नोटीस पाठवली. मुद्दा साधा होता: आदेशाची प्रत द्या, बाजू मांडू द्या, नाहीतर न्यायालयात येतो. नोव्हेंबरमध्ये साइट सुटली. प्रत्येकाचं असं होईल असं नाही, पण चांगल्या वकिलाची नीट लिहिलेली नोटीस हा कोर्टाआधीचा सगळ्यात स्वस्त टप्पा आहे.

त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या माणसाला यासाठी दिल्ली गाठायलाच हवी असं नाही. मुंबई उच्च न्यायालय इथे इथे बसतं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पर्वरी, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. तुमची साइट, तुमचे वाचक आणि तुमचं नुकसान कुठे आहे हे दाखवणारे कागद वकिलाला द्या, म्हणजे कुठे जायचं ते ठरवता येईल.

हे सगळं चालू असताना वाचक गमवायचे नसतील तर तयारी आधीची लागते. साइटचा बॅकअप होस्टपासून वेगळ्या जागी. वाचकांच्या ईमेलची यादी किंवा व्हॉट्सॲप चॅनेल, म्हणजे "अडचण आहे, काम सुरू आहे" एवढं तरी सांगता येतं. आणि एका वहीत, हो, कागदाच्या वहीत, डोमेन कोणाकडे, होस्टिंग कोणाकडे, कुठला ईमेल, कधी नूतनीकरण, वकिलाचा फोन. त्या मंडळाला मी पहिलं काम हेच लावलं. वही आता खजिनदाराच्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या शेजारी असते.

आणि कुलूप निघाल्याचं पत्र आलं की लगेच पेढे वाटू नका. आदेश मागे घेतला तरी प्रत्येक कंपनी आपली यादी आपल्या सवडीनं बदलते. कुठे दोन तासांत, कुठे आठवड्यानंतरही जुनंच. पहिल्या पायरीवर केली तीच तपासणी पुन्हा करा, त्याच सगळ्या सिमांवर, त्याच गावांत. जिथे अजून अडतंय त्या कंपनीला पत्राची प्रत आणि जुना डॉकेट क्रमांक जोडून ईमेल करा, आणि चार दिवसांनी परत एकदा.